जागा निघायच्या आधी

नोकरीच्या जाहिरातीत वय लिहिलेलं नसतं. लिहायची गरजच पडत नाही. ‘अनुभव : ८ ते १२ वर्षे’ एवढ्यात भागतं. तेविसाव्या वर्षी डिग्री घेऊन कामाला लागलेला मुलगा बारा वर्षांनी पस्तिशीचा होतो, हा हिशेब करायला कुणाला कॅल्क्युलेटर लागत नाही. माझ्या गाठीशी तीस वर्षं आहेत. सगळी क्वालिटीतली, सगळी वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांतली, आणि सगळी पिंपरी-चिंचवडच्या आसपासची. ‘मॅनेजर, क्वालिटी’ अशी जाहिरात वाचायला घ्यावी, तर आयएटीएफ (वाहन उद्योगाचं दर्जाचं मानक) जमतं, पीपॅप (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घ्यायची फाइल) जमतं, कस्टमर ऑडिट जमतं, सप्लायर डेव्हलपमेंट तर हातचा मळ. आणि तरी त्या ‘८ ते १२’पाशी आपण जाहिरातीच्या बाहेर पडलेले असतो.

सरकारी नोकरीचं एक बरं आहे, ते तोंडावर सांगतात. महाराष्ट्र शासनात खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा छापलेली असते. वाचलं, पान उलटलं. खासगीत कुणी छापत नाही, आणि छापलं तरी कायद्याकडे बोट दाखवायला जागा नाही. सरकारी नोकरीत कशाकशावरून भेदभाव करायचा नाही याची यादी घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदात आहे : धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास. वय त्यात नाही. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्यांसाठी १९६७ सालापासून खास कायदा आहे. पण तिथल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी चाळीस हजारांहून जास्त बनावट अर्ज खऱ्याखुऱ्या जागांसाठी पाठवले आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. वय वाढलं की बोलावणी कमी होतात, आणि बायकांच्या बाबतीत तर ते अगदी ढळढळीत दिसतं. कायदा असून ही तऱ्हा. तेव्हा कायद्याच्या नावानं उसासे टाकण्यात मी फार वेळ घालवला नाही.

माझी नोकरी गेली ती अशी गेली की त्यात नाट्य फारसं नव्हतं. आमची कंपनी इंजिनाचे भाग करायची. विजेच्या गाडीला पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, सायलेन्सर नाही, हे कंपनीतला ऑफिसबॉयही सांगू शकेल. दोन प्लांट होते, त्यांचा एक केला. क्वालिटीचे दोन मॅनेजर होते, त्यांतला एक ठेवला. दुसऱ्याचा राजीनामा एचआरनं टाइप करून ठेवला होता, फक्त सहीची जागा मोकळी होती. कायद्याच्या भाषेत मी ‘कामगार’ नाही. मॅनेजर माणसाला कपातीची भरपाई वगैरे लागू होत नाही. त्याला राजीनामाच द्यावा लागतो, आणि तोही ‘वैयक्तिक कारणास्तव’. ग्रॅच्युइटी मिळाली, तीन महिन्यांचा पगार मिळाला, एक ट्रॉलीबॅगही मिळाली. बॅग चांगली आहे.

पैशांबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण पहिल्या महिन्यात माणूस घाबरून काहीही करतो. एक, पन्नाशीनंतर पीएफची पेन्शन लवकर सुरू करता येते, पण अठ्ठावन्नच्या आधीच्या दर वर्षामागे चार टक्के कायमचे कापले जातात. मुळात ही पेन्शन मोजताना पगार पंधरा हजारांपर्यंतच धरतात, त्यामुळे आकडा आधीच बारका. त्याला आणखी कात्री लावून घेऊ नये. दोन, कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. तोच विमा त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागता येतो, आणि हे शेवटचा दिवस उजाडायच्या आत विचारायचं असतं. घरात कुणाला शुगर असेल तर हा मुद्दा नोकरीइतकाच मोठा आहे.

आता बायोडेटा. आमच्या पिढीचा बायोडेटा हा स्थळासाठी केलेल्या पत्रिकेसारखा असतो. वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, अवगत भाषा, छंद (वाचन आणि क्रिकेट), आणि शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र, त्याखाली स्थळ, दिनांक आणि सही. ह्यातलं काहीही कुणी मागितलेलं नसतं. जन्मतारीख काढली. दहावीचं वर्ष काढलं; त्यावरून वय काढायला पाच सेकंद लागतात. १९९०च्या दशकात केलेल्या क्यूएस ९००० या तेव्हाच्या दर्जा-मानकाच्या कामाचा परिच्छेद गेला. वाईट वाटलं, कारण तेव्हा ते सर्टिफिकेट मिळवायला आम्ही रात्री जागवल्या होत्या. पण त्याच्या जागी टीएस आलं आणि २०१६ साली त्याच्याही जागी आयएटीएफ. आता क्यूएसचं नाव काढणारा माणूस फक्त आपलं वय सांगत असतो. दोन पानं, शेवटची पंधरा वर्षं, प्रत्येक नोकरीखाली काय सुधारलं त्याचे आकडे. रेडिफमेलचा पत्ता मात्र मी बरेच दिवस सोडत नव्हतो. मुलीनं एके संध्याकाळी न विचारता जीमेल उघडून दिला.

तिनंच आणखी एक गोष्ट दाखवली. दोन रकान्यांचा, रंगीत पट्टीचा, कौशल्यांपुढे ठिपके भरलेला तो देखणा बायोडेटा असतो ना, तो कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की त्याचा चिवडा होण्याची शक्यता असते. डाव्या रकान्यातला फोन नंबर उजवीकडच्या हुद्द्यात घुसतो. साधा, एका रकान्याचा, जाहिरातीतलेच शब्द असलेला कागद बरा. जाहिरातीत ‘सप्लायर क्वालिटी’ लिहिलं असेल तर आपण ‘व्हेंडर इन्स्पेक्शन’ लिहून शहाणपणा करू नये. यंत्राला समानार्थी शब्द कळतीलच असं नाही, आणि चोवीस वर्षांच्या रिक्रूटरला कळतील याचीही हमी नाही.

नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल अधूनमधून थोडं बदलून जतन करावं, म्हणजे रिक्रूटरच्या यादीत आपण ताजे दिसतो. लिंक्डइनवर फोटोभोवती ते हिरवं कडं लावायचं की नाही यावर आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये जोरदार वाद झाला. तरुण पोरं बिनधास्त लावतात. मी फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय निवडला. गावभर दवंडी पिटायची माझी तयारी नव्हती. केस काळे करण्याबद्दलही विचारतात लोक. करावेत वाटलं तर करावेत. व्हिडिओ कॉलवर केसांपेक्षा जास्त नुकसान मागच्या खिडकीतून येणारा उजेड करतो, चेहरा काळाठिक्कर दिसतो आणि माणूस कॅमेऱ्यात न बघता स्वतःच्याच चित्राकडे बघत बसतो.

आणि ‘जागा पक्की आहे, पण नोंदणीचे पाच हजार भरा’ असं सांगणारे फोन येतात. आमच्या वयाच्या माणसाला जास्त येतात, कारण ग्रॅच्युइटी नुकतीच जमा झालेली असते. पैसे मागणारी नोकरी ही नोकरी नव्हे. गेलेच पैसे तर लगेच १९३० वर फोन करावा. तास-दोन तासांत केलेल्या फोनचा उपयोग होतो, चार दिवसांनी केलेल्याचा क्वचितच.

एवढं सगळं केलं आणि बोलावणीही आली. चाकणला एका कंपनीत प्लांट हेड माझ्यासमोर बसला होता, चौतीस-पस्तीसचा असेल, हुशार. ‘सर, सर’ म्हणत होता. त्यानं एफएमईएवर, म्हणजे काय काय बिघडू शकतं याचा आधीच अंदाज बांधायच्या पद्धतीवर, विचारलं. आमच्या काळी प्रत्येक संभाव्य दोषाला तीन गुण द्यायचे, तीव्रता, वारंवारता आणि सापडण्याची शक्यता, आणि तिघांचा गुणाकार करून आरपीएन हा जोखमीचा आकडा काढायचा. शंभरच्या वर गेला की धावाधाव. २०१९ साली नवी पुस्तिका आली तेव्हापासून तो गुणाकार गेला आणि ‘ॲक्शन प्रायॉरिटी’, म्हणजे कशावर आधी काम करायचं त्याचा क्रम, आली. मी त्याला सांगितलं, दहा गुणिले दोन गुणिले पाच म्हणजेही शंभर आणि चार गुणिले पाच गुणिले पाच म्हणजेही शंभर. पण पहिल्यात माणूस मरतो आणि दुसऱ्यात नुसता आवाज येतो. गुणाकाराला हा फरक कळत नव्हता, म्हणून तो काढला. तो मनापासून हसला. वहीत काहीतरी लिहिलं. मग एचआरच्या बाईंनी विचारलं, “सर, पगाराची अपेक्षा?” मी आधीच्यापेक्षा कमीच सांगितली. तिथे हवा बदलली.

कमी पगार सांगितला की आपली बाजू बळकट होते असं आपल्याला वाटतं. समोरच्याला वाटतं, हा चार महिन्यांत दुसरीकडे जाणार, किंवा ह्याच्यात काहीतरी खोट आहे. त्यामुळे आकडा आपणहून खाली आणू नये. आधी पद आणि जबाबदारी ठरवावी, मग आकड्यावर बोलावं. दुसरी अडचण त्यांनी विचारलीच नाही, विचारत नाहीतच : माझ्या वयाचा माणूस ह्या मुलाच्या हाताखाली नांदेल का? न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणच द्यावं लागतं, आणि ‘मला काही अडचण नाही’ हे उत्तर नव्हे. माझे शेवटचे साहेब माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होते आणि त्यांच्याशी माझं एकदाच वाजलं, तेही एका लॉटवरून, हे मी पुढच्या मुलाखतीपासून सांगायला लागलो. लोक ऐकून सैल होतात. पण चाकणहून ‘कळवतो’ आलं ते आलंच. पुढच्याही एक-दोन ठिकाणी गाडी छान बोलण्यापर्यंत जायची आणि तिथे थांबायची.

मग मला एक गोष्ट लक्षात यायला लागली. जागा निघाली, तिचं वर्णन लिहिलं, बजेट ठरलं, पोर्टलवर चढली, की वयाची चाळणी तिच्यात आपोआप बसलेली असते. ‘आठ ते बारा’ हे कुणी दुष्टपणानं लिहिलेलं नसतं. मागच्या माणसाची फाइल उघडून एचआरनं तेच पुन्हा चिकटवलेलं असतं. एकदा तो कागद तयार झाला की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पोचायला हवं ते त्याच्या आधी, जेव्हा कारखान्यात जागा नसते, नुसती अडचण असते. माल परत आलेला असतो, ऑडिट तोंडावर असतं, क्वालिटीचा पोरगा परवा सोडून गेलेला असतो आणि मालकाला झोप नसते. त्या घटकेला कुणी वय विचारत नाही.

पण अडचण कुणाकडे आहे हे कळणार कसं? मित्रांकडून नाही. माझे जिवाभावाचे मित्र सगळे एकाच पट्ट्यातले. निम्मे माझ्याच कंपनीतले, माझ्याच सुमारास घरी बसलेले, त्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीच जाहिरात एकमेकांना फॉरवर्ड करणारे. त्यांना जे माहीत ते मला माहीत होतंच. उरलेले ‘बघतो’ म्हणायचे, आणि ते ‘बघतो’ प्रेमाचं असायचं, पण त्यातून निघत काही नव्हतं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली हेच मांडलं. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं की खबर कुणाकडून मिळाली. ओळखीतून मिळाली म्हणणाऱ्यांतले बहुतेक जण रोज भेटणाऱ्या मित्राचं नाव सांगत नव्हते; कधीमधी भेटणाऱ्या, अर्ध्या विसरलेल्या माणसाचं सांगत होते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगातूनही साधारण तेच निघालं. फार लांबचा नाही, फार जवळचा नाही, असा मधला परिचित सगळ्यात कामाचा. त्याचं कारण सरळ आहे. तो आपल्याला माहीत नसलेल्या घरांत जातो.

भोसरीच्या एमआयडीसीत असा माणूस कोण? मी विचार केला तर पहिलं नाव आलं कॅलिब्रेशनवाल्याचं, म्हणजे मोजायची साधनं (गेज) बरोबर आहेत का ते तपासून देणाऱ्याचं. लॅबचा हा पोरगा स्कूटरवर पेटी लावून दिवसभर वर्कशॉप फिरतो. कुणाचे गेज मुदत उलटून गेलेत हे त्याच्या वहीत असतं, आणि गेजची मुदत उलटली म्हणजे बहुतेक वेळा क्वालिटीचा माणूस जागेवर नाही. दुसरा कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे मशिनवर धातू कापायची पाती, विकणारा. कुणाकडे मशिनं दोन पाळ्यांत चालतात, कुणाकडे एकच, कुणी नवी ऑर्डर धरलीय, हे त्याला मालकाच्या बायकोआधी कळतं. तिसरे ऑडिटर. चौथे, आणि इथे मी थोडा अडखळलो, आपले जुने व्हेंडर, कंपनीला माल पुरवणारे. ज्यांचा माल वर्षानुवर्षं आपण परत पाठवला ते.

अडखळण्याचं कारण अहंकार, दुसरं काही नाही. मोठ्या कंपनीच्या गेटच्या आत बसणाऱ्याला व्हेंडर खुर्ची देतो, चहा सांगतो, दिवाळीला मिठाई पाठवतो. त्याच्या दारात आपण कामासाठी उभं राहायचं. ही म्हणाली, “अहो, जायचं तर सरळ जा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका.” मी मेसेज लिहिला. ‘कुठे जागा असेल तर सांगा’ असं त्यात लिहिलं नाही, कारण त्यावर ‘बघतो’ हेच उत्तर येतं. लिहिलं ते असं : “मी आता कंपनीत नाही. कस्टमर रिजेक्शन, पीपॅपची फाइल, ऑडिटची तयारी, यांत कुणाचं काही अडलं असेल तर एक दिवस येऊन बघून जाईन. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत.” कॅलिब्रेशनवाल्याला पाठवला, इन्सर्टवाल्याला पाठवला, काही व्हेंडरना पाठवला. काहींनी अंगठ्याची इमोजी पाठवली. एकानं चुकून फुलांचा गुच्छ पाठवला, बहुधा वाढदिवस समजून.

कॅलिब्रेशनवाल्याचाच फोन आला. एका बुश (धातूच्या छोट्या नळ्या) करणाऱ्या वर्कशॉपमध्ये गडबड आहे. मालक माझा जुना व्हेंडर. गेलो तर दारातच म्हणाला, “साहेब, तुम्ही माल परत पाठवायचात ना, तेव्हा लई शिव्या घातल्यात तुम्हाला. मनातल्या मनात.”

“मनातच ना?”

“इथं मनात. घरी गेल्यावर मोठ्यानं.”

मग चहा आला आणि परत आलेल्या मालाचा लाल ट्रेही आला. पातळ भिंतीचा बुश, आत पिन बसते. कस्टमरच्या लाइनवर पिन घट्ट जाते म्हणून लॉट परत, वर पैसे कापल्याची डेबिट नोट. आणि इकडे ऑपरेटर भोकाचा व्यास मोजणारा डायल बोअर गेज घालून दाखवतोय, आकडा अगदी मधोमध, टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या मर्यादेत. गो प्लग गेजही, म्हणजे भोक लहान नाही ना हे आत घालून बघायचा दांडा, सहज जातो. “आमचा माल ओके आहे, त्यांचीच पिन जाड असणार,” असं सगळ्यांचं मत. पिनही मोजून झाली होती. पिन बरोबर होती.

गो गेज हातात घेतला तेव्हा त्याचं टोक आरशासारखं चकाकत होतं. वर्षानुवर्षं घासून झिजलेलं. झिजलेला गो गेज बारीक होतो आणि जायला नको त्या भोकातही जातो. कॅलिब्रेशनवाल्यानं नवा आणला होता, तो त्या बुशात अडला. पण मग डायल गेजचा आकडा बरोबर कसा? मी ऑपरेटरला थोडं ब्ल्यू, खुणा उमटवायचा निळा रंग, मागितलं. नव्या गेजला पातळ निळा हात फिरवला, बुशात जाईल तेवढा घातला, काढला. आत तीन निळे पट्टे उमटले होते, सारख्या अंतरावर. बुश फिरवून बाहेरून पाहिलं तर मशिनवर जॉब (भाग) धरणाऱ्या चकच्या तीन जॉचे, जबड्यांचे, पुसट वळ. निळे पट्टे बरोबर त्या वळांच्या मधोमध.

हे मी पूर्वी पाहिलेलं होतं. पातळ भिंतीचा जॉब तीन जॉमध्ये करकचून धरला की तो दाबला जातो. दाबलेल्या अवस्थेत बोअर अगदी गोल होतं. जॉ सुटले की दाबलेली जागा बाहेर उसळते आणि भोकाला तीन बाजू पडतात. आणि गंमत अशी की तीन बाजूंचं असं भोक समोरासमोरच्या दोन टोकांत मोजलं, तर कुठूनही फिरवा, आकडा जवळपास तोच येतो. डायल बोअर गेज दोनच टोकांत मोजतो. त्याला बिचाऱ्याला हे दिसतच नाही. बाहेरच्या मापाला बोअर केलेले सॉफ्ट जॉ (हवा तसा आकार कापून घेता येणारे जबडे) लावले, म्हणजे जॉब सगळीकडून सारखा धरला जातो, फिनिश कटला चकचा दाब उतरवला, आणि संध्याकाळपर्यंत पिन बोटानं जायला लागली. ऑपरेटर पोरगा पंचविशीचा असेल, बीडकडचा. तो म्हणाला, “सर, हे मशिनच्या पुस्तकात नाही.” पुस्तकात असेलही. पण पुस्तक कुठल्या पानावर उघडायचं, त्यासाठी वळ दिसावे लागतात.

रात्री आठपर्यंत बसून एट-डी रिपोर्ट, दोष का आला आणि काय केलं हे आठ पायऱ्यांत सांगणारा, लिहून दिला. मालकानं विचारलं, “महिन्याचं काय घेणार?” वय कुठेच निघालं नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्यानं कस्टमरला फोनवर सांगितलं, “तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस ठेवलाय.” जी संख्या पोर्टलवर आडवी येत होती ती इथे जाहिरातीला चालली.

आता आठवड्यातले दोन दिवस तिथे असतात. त्याच्याच सांगण्यावरून शेजारच्या गाळ्यात झेड या दर्जाच्या सर्टिफिकेटचं काम मिळालं. केंद्र सरकारची लघुउद्योगांसाठीची ही योजना, २०२२ पासून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांची. छोट्या मालकांना सर्टिफिकेट हवं असतं, पण कागद भरायला माणूस नसतो. सगळं मिळून जुन्या पगाराच्या निम्म्याच्या वर जातं, पूर्ण होत नाही. बिलातून दहा टक्के टीडीएस कापून येतो. वर्षाला वीस लाखांच्या आत आहोत तोवर जीएसटीची नोंदणी लागत नाही. तांत्रिक सल्लागाराला मिळालेल्या रकमेच्या निम्मं उत्पन्न धरून कर भरायची सोय आहे, ती सीएकडून एकदा नीट समजून घ्यावी. नोकरदार माणसाला फॉर्म सोळापलीकडे काही माहीत नसतं. सुट्टी नाही, रजा नाही, दिवाळी बोनस नाही. ‘कुठे असता सध्या?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, त्याचीही सवय करावी लागते. सोसायटीतल्या लोकांना वाटतं मी निवृत्ती घेतली. वाटू दे.

हे सगळ्यांना जमेल असं मी म्हणणार नाही. माझ्याच कंपनीतून गेलेली अकाउंट्समधली एक सहकारी दोन-तीन दुकानांची जीएसटीची विवरणपत्रं भरते आणि माझ्यापेक्षा लवकर सावरली; तिचे ‘व्हेंडर’ म्हणजे जुने पुरवठादारच, ज्यांची बिलं ती पास करायची. पण मशिनवर उभा राहणारा पन्नाशीचा कामगार मित्र आहे, त्याच्या हातात माझ्यापेक्षा जास्त कसब आहे. त्याला कोण ओळखतं? गेटच्या बाहेर त्याचा कुणाशी संबंधच आला नाही. कंपनीनं त्याला कधी व्हेंडरकडे पाठवलं नाही, ऑडिटरसमोर बसवलं नाही. तो आज ठेकेदाराकडे निम्म्या पैशांत त्याच मशिनवर उभा आहे. मी त्याचं नाव दोन मालकांना सांगितलंय, सॉफ्ट जॉ बोअर करून देणारा चांगला माणूस म्हणून. त्यातला एक ‘पाठवा’ म्हणाला आहे, बघू. चाळिशीत असलेल्या आणि अजून नोकरीत असलेल्या लोकांना मात्र एवढं सांगावंसं वाटतं की व्हेंडरचा फोन उचला, ऑडिटरला गेटपर्यंत सोडायला जा, कॅलिब्रेशनच्या पोराला नावानं हाक मारा. कामासाठी म्हणून नाही, तशीही ती रीत आहे. पण हे लोक कंपनीच्या फोनमध्ये ठेवू नका. फोन परत द्यावा लागतो आणि नंबर त्याच्याबरोबर जातात.

पोर्टलवरचं प्रोफाइल मी बंद केलेलं नाही. परवा एका मोठ्या कंपनीच्या रिक्रूटरचा फोन आला होता, सप्लायर क्वालिटीसाठी, अनुभव पंधरा ते वीस. बोललो. कळवतो म्हणाल्या आहेत.

आत्ता घाई वेगळ्याच कामाची आहे. मागच्या महिन्याचं बिल अजून निघालेलं नाही. लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायचे असा २००६ सालचा कायदा आहे, आणि उद्यम नोंदणी करून मीही आता कागदोपत्री सूक्ष्म उद्योग झालो आहे. कंपनीत असताना व्हेंडरचे फोन यायचे, “साहेब, जरा अकाउंट्सला सांगा ना,” आणि मी म्हणायचो, “बघतो.” मालकाचा अकाउंटंट दुपारी जेवून तीनला येतो. तीनला फोन लावतो.